मक्याच्या शेतातला स्तूप

बाबा नागपूरहून अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी माझ्याकडे आले आणि पंधरवड्यातच त्यांनी परतीचं तुणतुणं लावलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं पीएचडी चालू होतं, त्यामुळे दिवसभर मी लॅबमध्ये. बाबांचं इंग्रजी सहीपुरतं. गल्लीतल्या कुत्र्याचीही विचारपूस करणारा हा माणूस इथं खिडकीत बसून मुकाट्यानं कॅम्पसच्या बसेस बघायचा. "तिकीट अलीकडं करून घे," हे रोजचं पालुपद. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटायचं, पण थांबा म्हणायला तोंड नव्हतं.

एका रविवारी त्यांना गाडीत घालून गावाबाहेर नेलं. मक्याच्या शेतात मधोमध दगडांचा मोठा गोल ढीग दिसला म्हणून थांबलो. शेताची मालकीण, एक म्हातारी, कुंपणापाशीच होती. ती म्हणाली, हे फार जुनं थडगं आहे, आमच्या आधी इथं राहणाऱ्या लोकांचं. कुणाचं ते ठाऊक नाही, पण आम्ही तेवढी जागा सोडूनच नांगरतो. खुशाल जवळून बघा.

मी हे मराठीत सांगेपर्यंत बाबांनी चपला काढल्यासुद्धा. हात जोडून, ओठांत 'बुद्धं सरणं' म्हणत त्यांनी चक्क प्रदक्षिणा सुरू केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हा स्तूप नाहीये. कुणातरी अनोळखी माणसाचं थडगं आहे."

"मंग स्तूप म्हंजे काय असते?" बाबा न थांबता म्हणाले.

माझं पीएचडी तिथंच आटोपलं.

ते काय करताहेत, असं म्हातारीनं विचारलं. गेलेल्या माणसाला मान देताहेत, मी म्हटलं. तिनं क्षणभर विचार केला, कुंपणाला टेकून बूट काढले आणि मोज्यांवरच बाबांच्या मागे चालू लागली. आता एकटी मीच बुटांत कशी राहणार? मीही निघाले. ढेकळं टोचत होती आणि मला हसू आवरत नव्हतं. नंतर बाबा वऱ्हाडीत आणि ती इंग्रजीत, दोघं मक्यावर बराच वेळ बोलले. निघताना तिनं पिशवीभर कणसं दिली.

गाडीत मी मन घट्ट करून म्हटलं, "उद्या तिकिटाचा फोन करते."

"कायची घाई हाये?" कणसं मांडीवर घेऊन बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ. त्याच्याकडं बिचाऱ्याकडं कोणी येत नसंन."