उरलेल्या जागेतला गुंडेराव

आमचा पेंटर आधी अक्षरं काढायचा आणि जागा उरली तर माणूस. दुकानाच्या पाटीला हे शोभतं, चित्रकथेला नाही. पण त्याच्या जिवावर चित्रकथेचं पुस्तक काढायला निघालेल्या मज दीडशहाण्याला हे कोण सांगणार?

उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पाऊस नेमका तेव्हाच रुसला. अशा दुष्काळात, गोष्टींतल्या त्या प्रख्यात विलायती हेराची टर उडवायला, मी गुप्तहेर गुंडेराव जन्माला घातला. विहिरीतलं पाणी चोरीला जातं. गुंडेराव भिंग लावून एकेक रिकामी घागर तपासतो. तपास इतका बारीक चालतो की तोवर साक्षीदार तहानेनं मरतात, आणि शेवटी तो मयतालाच बेड्या घालतो. शब्द माझे, चित्रं पेंटरची. चित्रं म्हणजे काय, तर माझ्या संवादांच्या फुग्याखाली एक टोपी, नाहीतर नुसते बूट.

"अहो पेंटर, गुंडेरावाचं तोंड कुठाय?"

"तुमच्या बोलण्याखाली दबलं, लेखक. लई बोलतो तुमचा माणूस. साक्षीदार तहानेनं न्हाई, ऐकून मेलेत."

मी एक शब्द कमी केला नाही. उलट पुस्तक येतंय म्हणून गल्लीभर सांगत सुटलो. सासुरवाडीनं तर शाल-नारळ देऊन सत्कारही उरकून टाकला. छापखान्याच्या मालकानं मात्र बजावलं, "दिवाळीच्या आत सगळी पानं द्या. नंतर मशीन मोकळं न्हाई."

आणि पेंटर हाती लागेना. बाजारातल्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' करायचं काम त्याला मिळालं होतं. मी शिडीखालून ओरडायचो, "शेवटचं पान!"

"करायलोच की!" वरून उत्तर. सोबत रंगाचा एक थेंब माझ्या सदऱ्यावर.

दिवाळी गेली, पुस्तकही गेलं. शाल मी ट्रंकेच्या तळाशी दडपली.

मग एके सकाळी गिरणीवाल्यानं मला दंडाला धरून पाटीखाली उभं केलं. "हे तुमचं पात्र म्हणं. माझ्या पाटीवर काय करायलंय?"

लातूरला जागा कमी लागते. उस्मानाबाद पुसल्यावर जी उरली, तिच्यात गुंडेराव उभा होता. टोपीपासून बुटांपर्यंत पुरा, मिशांसकट, पायाशी पालथी घागर. मी बाजारभर फिरलो. कापडवाल्याकडं तो मयताला बेड्या घालत होता. औषधाच्या दुकानावर बेड्या घातलेल्याची नाडी बघत होता. तोंडात एक शब्द नाही. आणि खाली माणसं पोट धरून हसत होती. माझे संवाद वाचून असं कुणी हसलं नव्हतं.

मी तणतणत पेंटरला गाठलं. "पुस्तकात का नाही काढला असा?"

"तिथं जागा कुठं ठिवली तुमी?"

पुढं धरणाच्या पाट्या रंगवायला तो विष्णुपुरीला गेला, तो परत आलाच नाही. पाट्याही एकेक करून बदलल्या. गिरणीची उतरली तेव्हा मी ती मागून आणली आणि बैठकीत टांगली.

पाहुणे विचारतात, "घरात गिरणी घातली का काय?"

मी सगळं सांगायला तोंड उघडतो. मग गुंडेरावाकडं बघतो, आणि मिटतो.