डाव्या पायाची दुमड

शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची, कारण तो शिंपी होता. चव्वेचाळीस वर्षं एकच दुकान, एकच पायडलची मशीन. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की गळ्यातला टेप काढायच्या आधीच मास्तरांना त्याची कंबर कळायची. कपडा घट्ट झाला असं कुणी म्हटलंच, तर ते शांतपणे म्हणायचे, "कपडा तेवढाच आहे. तुम्ही बघा जरा."

डावा खुबा मात्र सात-आठ वर्षं कुरकुरत होता. आधी पायऱ्या नकोशा झाल्या, मग पायडल, मग झोपही गेली. शेवटी खुबा बदलला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे वॉकर, मग काठी. पायडलचं तीन महिन्यांनी बघू. तोवर जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही."

तीन महिने म्हणजे डॉक्टरांनी शिलाईला ठेवतात तशी जास्तीची माया ठेवली असणार, असा हिशेब करून मास्तरांनी मनात एक महिना धरला.

दुकानाशेजारचा इस्त्रीवाला भेटायला आला. "मास्तर, आजवर तुम्ही नुसतं म्हणत होता, आता डॉक्टरांनीच लिहून दिलं. मोडेन पण वाकणार नाही!"

मास्तर हसले. टाके ओढले गेले म्हणून बेतानंच हसले.

टाके काढायला जायच्या दिवशी त्यांनी पायजमा सोडून पहिल्यांदा पँट चढवली. चढवली म्हणजे बायकोनं चढवली. आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. उजवी दुमड बरोबर बुटावर, डावी बुटापासून जराशी वर उचललेली.

"अगं, पाय लांब केला माझा!"

"काहीतरीच."

"अर्धा इंच. जास्तच असेल. तरीच म्हणतो, डाव्या पायाला जमीन लवकर का लागते!"

त्या दिवसापासून मास्तरांनी डाव्या पायावर भार टाकणं बंद केलं. उजव्या पायावर उभे राहून वॉकर ओढायचे. व्यायाम शिकवायला दिवसाआड एक तरुण मुलगी यायची. मास्तरांनी तिचं नाव कवायतबाई ठेवलं होतं.

"काका, डावा पाय टेका."

"तो आधीच टेकतो. लांब आहे तो."

"बऱ्याच जणांना तसं वाटतं सुरुवातीला. खुबा झिजून तुमचा पाय आखूड झाला होता, स्नायूंना तीच सवय लागलीय. सैल व्हायला काही आठवडे जातील. एक्स-रेमध्ये दोन्ही पाय सारखे आहेत, डॉक्टरांनी दाखवलं ना तुम्हाला?"

"एक्स-रेचं सोडा. पँट खोटं बोलते का?"

ती हसता हसता थांबली. "काका, भार टाकला नाहीत तर हा पाय दुबळाच राहील. मग वॉकर सुटणार नाही, आणि मशीन विसरा."

ती गेल्यावर मास्तर खिडकीशी जाऊन बसले. तिथून दुकानाचं बंद शटर दिसायचं. "कापड बिघडलं तर उसवता येतं," ते म्हणाले. "हाडाचं काय करायचं?"

बायकोनं कपाट उघडलं, त्यांच्या चार पँटी काढल्या आणि पलंगावर कमरेला कंबर लावून मांडल्या.

"मोजा."

"काय मोजू?"

"पाय. पँटीचे."

मास्तरांनी टेप लावला. सगळ्यात नवी राखाडी पँट, डावा पाय पाऊण इंचानं कमी. तपकिरी, अर्धा इंच. निळी, जेमतेम पाव. आणि दहा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी शिवलेली काळी, तिचे दोन्ही पाय अगदी सारखे. त्यांनी पुन्हा मोजलं. तेच आलं.

"शिवल्या कोणी?" बायकोनं विचारलं.

"मीच."

"मी धुते. दोरीवर वाळत घातल्या की दिसायचं मला. म्हटलं, एवढे मापाचे पक्के, काहीतरी असेल मनात."

मनात काहीच नव्हतं. डावी दुमड जमिनीला घासायची, म्हणून दर नव्या पँटीला मास्तर ती जराशी वर घ्यायचे. हाताला सवय झाली, डोक्याला पत्ताच नाही.

"डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडताय," बायको म्हणाली, "आणि पाय तर तुम्हीच कापत होता. थोडा थोडा."

मास्तरांनी बारीक कात्री मागितली. राखाडी पँटीची डावी दुमड उसवली. आत दडलेल्या पट्टीचा रंग अजून नव्यासारखा गडद होता.

पण पँट अंगात घालून नवी खूण करायची तर खाली वाकावं लागणार. बायकोच खडू आणि टाचण्या घेऊन जमिनीवर बसली. मास्तरांच्या कपड्याला आजवर दुसऱ्या कुणी खडू लावला नव्हता.

"वॉकर समोरच असू दे, हात तेवढे काढा. दांडा धरून कुणी माप देतं का?"

"पडलो तर?"

"मागे पलंग आहे, खाली मी आहे. पडायला जागा कुठंय?"

मास्तरांनी हात काढले आणि खाली पाहिलं.

"खाली बघू नका."

"का?"

"बघितलं की पँट वर जाते. लोकांना रोज कोण सांगत होतं? समोर बघा. दोन्ही पायांवर उभे राहा."

मास्तरांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. डावी टाच टेकली होतीच, तिच्यावर भीत भीत भार टाकला. मांडीत ओढ बसली. पण पाय टिकला.

"झालं का गं?"

"थांबा. दोन्हीकडे सारखं यायला हवं."

सातव्या आठवड्यात काठी आली. पाय लांब वाटायचा कधी थांबला, ते मास्तरांना सांगता येणार नाही. एक दिवस आठवण आली तेव्हा तो सारखाच होता. शटर उघडलं ते मात्र चौथ्या महिन्यात. मशीन चालते, पण पूर्वीसारखी दिवसभर नाही. दुपारनंतर पाय भरून येतो. खाली बसून दुमडीला खूण करणं तर कायमचंच गेलं. ते काम आता बायको करते. इस्त्रीवाला तिला मास्तरीण म्हणतो.

गिऱ्हाईक खाली बघायला लागलं की दोघंही एकदमच ओरडतात.