फ्राउक्येच्या गायींची चुंबकं

फ्रीसलंडातल्या त्या गावात फ्राउक्येला सगळे ‘चुंबकवाली’ म्हणत, आणि तिला त्याचा रागबीग काही येत नसे. उलट मिरवायचीच! लग्न होऊन आली त्याच वर्षी कुंपणाच्या तारेचा तुकडा गिळून तिची एक गाय गेली. गाय काही निवडत बसत नाही हो, गवताबरोबर खिळासुद्धा गिळते. तेव्हापासून चाळीस वर्षं, कालवड मोठी झाली की फ्राउक्ये तिचा जबडा उघडून बोटाएवढं लोहचुंबक घशाखाली सोडायची. ते जड असतं, त्यामुळे गाईच्या चार पोटांपैकी दुसऱ्या पोटात जाऊन बसतं ते जन्मभर. खिळे, तारा त्याला चिकटून राहतात, पोट फाडून पुढे जात नाहीत.

तिच्या एप्रनच्या खिशात कायम होकायंत्र. गाईच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे ते धरलं, की उत्तर दाखवणारी सुई हलून जागा सोडायची. कातडं म्हणू नका, मांस म्हणू नका, आतल्या चुंबकाचा जोर सगळ्यातून बाहेर येतो. नवरा दाउवे चिडवायचा, “तुझ्या गायी धुक्यात वाट चुकायच्या नाहीत बघ!”

“तू चुकतोस ना, तुलाच एक गिळायला देते.”

त्या सप्टेंबरात ‘यांके बारावी’ या गाईने खाणं सोडलं. हिची आई, आजी, पणजी, सगळ्या यांकेच, फ्राउक्येच्या हाताखाली वाढलेल्या. ही तर तिची फारच लाडकी. पाठ वाकवून उभी राहायची, चालवली की कण्हायची.

“डॉक्टरला बोलावू,” दाउवे म्हणाला.

फ्राउक्येने होकायंत्र धरलं. सुई हलली. “बघ, चुंबक जागेवर आहे. तारेचं काही नाही. पोट बिघडलंय नुसतं.”

“अगं, पण ती कण्हतेय!”

“चाळीस वर्षं करतेय मी हे. मला शिकवू नकोस.”

तिने जवस शिजवून पाजलं. दुसऱ्या दिवशीही सुई हलली, आणि दुसऱ्या दिवशीही तिने फोन करू दिला नाही. तिसऱ्या दिवशी दाउवेने न विचारताच केला.

गुरांचा डॉक्टर हिल्के आला. त्याने यांकेच्या पाठीची कातडी चिमटीत धरून दाबली, तशी ती कळवळली. “आत काहीतरी टोचतंय, मावशी. रस्त्याकडेचं गवत घातलंत का?”

“घातलं. का?”

“लोक गाडीतून थंड पेयांचे रिकामे कॅन फेकतात. कापणीच्या यंत्रात त्यांच्या धारदार पट्ट्या होतात.”

“अरे, कॅन चिकटतो चुंबकाला! मी स्वतः लावून बघितलाय.”

“कधी?”

“आमची मुलगी शाळेत होती तेव्हा.”

मुलगी आता चाळिशीकडे झुकलेली. हिल्केने गाडीतून एक रिकामा कॅन आणून तिच्यापुढे धरला. फळीवर ठेवलेलं एक नवं चुंबक तिने बादलीच्या कडीला लावलं, खट्‌कन चिकटलं. कॅनला लावलं, घसरून पडलं. तिने उचलून पुन्हा लावलं. मग उलटं करून दुसरं टोक लावलं.

“तेव्हाचे कॅन लोखंडी पत्र्याचे होते, मावशी. हल्ली ॲल्युमिनियमचे. चुंबक याला ओढतच नाही.”

तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, उभ्या गाईची डावी कूस उघडली. खांद्यापर्यंत हात घालून हिल्केने आधी चुंबक काढलं. खिळे, तारा, एक स्क्रू, सगळं गच्च धरलेलं. चुंबकाच्या कामात काडीची कसूर नव्हती. मग हात बराच वेळ आत राहिला. बाहेर आला तेव्हा चिमटीत एक चकचकीत पट्टी होती, वरचा लाल रंग तसाच.

“आरपार गेलीय. हृदयाभोवती पू झालाय. आता नाही जगायची.”

“परवा बोलावलं असतं तर?” फ्राउक्येने विचारलं.

हिल्के पट्टी पुसत राहिला.

“सांग ना रे.”

“बहुतेक वाचली असती.”

त्याने तिची सुटका करणारं इंजेक्शन भरलं. फ्राउक्येने यांकेचं डोकं छातीशी घेतलं. दाउवे जवळ आला, “तुझी काय चूक गं यात,” म्हणाला. तिने त्याला हाताने गप्प केलं. रडू आवरत नव्हतं, आणि दोघांसमोर रडायची तिला लाजही वाटली नाही.

“दोन दिवस तू सांगत होतीस गं बाई,” ती यांकेला म्हणाली, “आणि मी सुईकडे बघत बसले.”

मग तिने हिल्केला मानेनेच खूण केली.