माझ्या नावापुढचा शब्द

माझ्या मायले सरांनी स्टाफरूमच्या दाराबाहेर उभं केलं, चपलांजवळ. मी तिच्या बाजूला. अकरावीत होते. आदल्या दिवशी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी हलगीवर नाचले होते, आमच्या आसेगावात लग्नात बाया नाचतात तशी. बागायतदारांच्या पोरीही नाचल्या, सिनेमाच्या गाण्यावर. त्यांना कप मिळाला.

इंग्रजीच्या सरांनी रजिस्टरात माझ्या नावापुढं शेरा लिहिला. ल्यूड. मोठ्यानं वाचला. आतले सगळे हसले.

"सायेब, काय लिवलं?" मायनं विचारलं.

"पोरीलाच विचार. वस्तीत हेच शिकवता ना तुम्ही?"

मायनं शेऱ्याखाली अंगठा दिला.

एसटीत तिनं पुन्हा विचारलं. मला अर्थ कळला होता. अश्लील. मी म्हटलं, "खोडकर, माय."

ती खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाली, "खोडकर पोरीच्या मायले असं हसत नाहीत, बाई."

त्यानंतर ती कुणाच्या लग्नात नाचली नाही. मीही नाही. चार वर्षांनी ती गेली.

एमएला असताना वाशीमच्या लायब्ररीत एक जाड डिक्शनरी हाती आली. शब्द कुठून आला ते सांगणारी. मी तोच शब्द काढला. आधी त्याचा अर्थ होता, जो धर्मगुरू नाही तो. मग, ज्याला वाचता येत नाही तो. मग अडाणी. मग हलका. अश्लील सगळ्यात शेवटी.

म्हणजे वागणं कुणी पाह्यलंच नव्हतं. आधी माणूस खालचा ठरवला. घाण मागून लावली.

टेबलावर डोकं ठेवून रडले. हे मायले सांगायचं होतं. सांगू कोणाले?

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले. सर तेच होते, आता प्राचार्यांच्या खुर्चीत. शेरा रद्द करण्याचा अर्ज पुढं ठेवला.

"जुनं झालं ते. कोण पाहतं आता ते पान?"

"मी पाहते, सर. पोच द्या."

"नाही देत."

मी बसले. शिपाई कुलूप घेऊन आला तरी उठले नाही. शेवटी पोच मिळाली.

शेरा अजून तसाच आहे. दर सोमवारी जाते. परवा सर म्हणाले, माफी मागतो, संपव. मला माफी नको. सही-शिक्क्यानं रद्द पाहिजे. ते रिटायर झाले, तर त्यांच्या जागी येईल त्याच्याकडे जाईन.