आप्पांना सड्यावर सोडून येणार म्हणे

“…आप्पास्नी अजून काय सांगितलं न्हाय. शनिवारी गाडीत बसवायचं आणि नेसरीच्या वर त्या सड्यावर न्यायचं. तिथं दिवा न्हाय का माणूस न्हाय. आणि एकदा का तिथं बसवलं, की मग—”

एवढंच ऐकू आलं बघा, आणि खाली माझ्याच कुकरनं शिट्टी दिली. मी गच्चीवर कपडे काढत होते. आमची आणि शेजारची गच्ची लागून, मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीपलीकडं शेजारची सून मेघा फोनवर बोलत होती. मी पळत खाली गेले, गॅस बंद केला, पळत वर आले, तोवर मेघा आत गेलेली.

‘की मग’ काय? ते राहिलंच. आणि माझा स्वभाव असा की अर्धी भाकरी मी ताटात ठेवीन, पण अर्धी बातमी ठेवणार नाही. उरलेली अर्धी मी स्वतः थापली, स्वतः भाजली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला वाढली सुद्धा.

आप्पा म्हणजे मेघाचे सासरे. जन्मभर वायरमन होते. एका डोळ्यानं दिसत नाही, काचबिंदूनं गेला. दुसऱ्यानंही आता अंधुक. चहाचा कप धरायचा तर आधी हातानं बशी चाचपतात. पण आमच्यासाठी आप्पा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. माझ्या लेकीची बारावीची परीक्षा, दुसऱ्या दिवशी गणित, आणि रात्री आमच्या एकट्याच घराची लाईट गेली. आप्पा तेव्हा रिटायर झालेले. लुंगीवर शिडी घेऊन आले आणि पंधरा मिनिटांत घर उजळून गेले. चहा सुद्धा घेतला नाही. “पोरीला अभ्यास करू दे, चहा काय पळून जातोय?” म्हणाले. शिवाय माझं माहेर नेसरीच्या वरची वाडी. त्या वाडीत पहिली लाईट आणली ती आप्पांनी. मी तेव्हा फ्रॉकमधे होते. म्हणजे सासरी आणि माहेरी, दोन्हीकडं माझ्या डोक्यावरचा दिवा त्यांच्याच हातचा.

अशा माणसाला पोरं रानात सोडून येणार? मला सांगा, तुम्ही गप्प बसला असता?

नाही म्हणायला मी सरळ विचारून बघितलं. शनिवारी दुपारी सुनील, म्हणजे आप्पांचा मुलगा, गाडीत आरामखुर्ची घालत होता. त्यावर दोन घोंगडी, आणि आप्पांच्या गोळ्यांचा डबा.

“काय मेघा, कुठं दौरा?”

“इथंच जरा जाऊन येतो, काकू.” एवढं बोलून ती आप्पांकडं बघून गप्प बसली.

आरामखुर्ची घेऊन ‘इथंच’ कोण जातंय? मी आप्पांकडं मोर्चा वळवला. ते कट्ट्यावर काठी धरून बसले होते.

“आप्पा, कुठं निघालाय?”

“मला काय ठाऊक, शालन? सुनील म्हणतोय चला. बसवतील तिथं बसायचं. आता आपल्या हातात काय राह्यलंय?”

झालं. आणखी काय पुरावा पाहिजे? गाडी कोपऱ्यावरनं वळेपर्यंत मी उभी होते. मग समोरच्या सुमनला गाडी गेल्याचं सांगितलं, सुमननं दूधवाल्याला, आणि दूधवाला परत माझ्या दारात आला तेव्हा बातमीत एक वृद्धाश्रम वाढला होता.

मी माहेरी फोन लावला. दादा शेतकरी माणूस, बोलणं कमी, आवाज मोठा.

“दादा, आप्पा वायरमन आठवतोय का?”

“आठवतोय की. आमच्या दारातला पोल त्येनंच उभा केला.”

“त्येची पोरं त्येला आज आपल्या सड्यावर सोडून जाणार हैत.”

मग दादा म्हणाला, “शिकलेली माणसं न्हवं ती? वर गवं फिरत्यात गं. म्हाताऱ्याला दिसतंय तरी का?”

“एका डोळ्यानं, ते पण अंधुक.”

“तू ये. मी वाडी उठवतो.”

आमचे मालक पिठाची गिरणी बंद करून कपड्यावरचं पीठ झाडत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सुनीलला एक फोन लावून विचार की.”

“विचारल्यावर कोण खरं सांगणार हाय?”

“तू सांगितलं असतंस?”

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. व्हॅन काढली. गडहिंग्लजच्या पुढं ऊसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो, मालक शांतपणे शेंगदाणे खात होते आणि मी सगळ्या देवांना नारळ कबूल करत होते. वाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. थंडीचे दिवस, अंगावर काटा. दादाच्या दारात तीन ट्रॅक्टर, दहा-पंधरा बॅटऱ्या आणि तीस-चाळीस माणसं. बायका पदर खोचून तयार. एका आजीच्या हातात लाटणं होतं.

“तासाभरापूर्वी गाडी वर गेली,” दादा म्हणाला. “वर जाऊन दिवं बंद केलं. अजून परत न्हाय आली.”

वाडीच्या डोक्यावर जांभ्या दगडाचं उघडं पठार आहे. त्यालाच आम्ही सडा म्हणतो. झाड नाही, घर नाही, नुसता दगड आणि वारा. तीन ट्रॅक्टर पुढं, मागं आमची व्हॅन, मागं माणसं, अशी वरात दिवे न लावता चढली. वर पोचल्यावर दादानं हात वर केला. एका दमात सगळे दिवे लागले. एका ट्रॅक्टरला रात्रीच्या नांगरटीसाठी वरती मोठा हॅलोजन बसवलेला, तो पण लागला.

उजेडात काय दिसलं सांगू? मधोमध आरामखुर्ची. खुर्चीत घोंगडं पांघरलेले आप्पा. डोळ्यांवर काळं फडकं बांधलेलं. आणि मेघा मागं उभी राहून त्या फडक्याची गाठ सोडत होती.

“डोळं बांधल्यात की गं म्हाताऱ्याचं,” लाटणंवाल्या आजी म्हणाल्या.

मी व्हॅनमधनं उडी टाकली. “आप्पा, भिऊ नगासा. मी आलोय. आख्खी वाडी आलीया.”

तेवढ्यात फडकं सुटलं. आप्पांनी डोळा उघडला, हॅलोजन थेट त्यात शिरला, आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन ते ओरडले, “कुठली लाईन चालू केली रं? आधी बंद कर ती.”

सुनील धावत आला. “काकू? तुम्ही? इथं?”

“मग काय करू? म्हाताऱ्या बापाला रानात सोडताना लाज वाटली न्हाय?”

मेघा मटकन खाली दगडावर बसली. रडली नाही, भांडली पण नाही. हळू आवाजात म्हणाली, “काकू, चांदण्या दाखवायला आणलंय हो त्यांना.”

मग सुनीलनं सांगितलं ते असं. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या डोळ्याचा भरवसा नाही. काय बघायचं असेल ते बघून घ्या. सुनीलनं विचारलं, आप्पा, काय बघायचंय? तर आप्पा म्हणाले, मला चांदण्या बघायच्यात. तरुणपणी ह्याच सड्यावरनं लाईन ओढताना, काम संपल्यावर पोलला टेकून बघितलेल्या, तसल्या. कोल्हापुरात कुठं दिसतात? रस्त्याला दिवे, दुकानांना दिवे, होर्डिंगला दिवे. चांगल्या डोळ्याला चार दिसायच्या, तिथं आप्पांना काय दिसणार? म्हणून आणलं. अधू डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून येतानाच वाटेत फडकं बांधलं. आज नऊला चंद्र उगवायचा. तो आला की बारीक चांदण्या पुसून जाणार. त्याच्या आत आप्पांनी बघायचं, असा सगळा बेत.

“आणि आप्पांना आधी का सांगितलं नाही?” मी विचारलं.

“आभाळ आलं असतं तर?” मेघा म्हणाली. “सांगून दाखवता आलं नसतं, तर जास्त वाईट वाटलं असतं त्यांना.”

म्हणजे ‘की मग’च्या पुढं चांदण्या होत्या. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं मला. पण जांभा दगड तो, दुभंगतोय कुठला.

आप्पा डोळा चोळत होते. पाणी वाहत होतं. “आता नुसतं पांढरं दिसतंय रं,” म्हणाले. “ऱ्हाऊ दे. चला घरी.”

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी आप्पांच्या पायाशी बसले. म्हटलं, “आप्पा, चुकलं माझं.”

“तू मला वाचवायला आलीस न्हवं? मग चुकलं काय त्यात?” आप्पा म्हणाले. “माझ्यासाठी तीन ट्रॅक्टर कोण घेऊन येतंय ह्या वयात?”

दादा इतका वेळ खाली बघत उभा होता. त्यानं आधी ट्रॅक्टरचे दिवे बंद केले. मग वाडीकडं तोंड करून म्हणाला, “आप्पा, तो उजेड पण नडतोय का?” खाली वाडीचे नवे पांढरे दिवे लखलखत होते, देवळावरचा फोकस तर सरळ आमच्याकडंच रोखलेला.

“नडतोय जरा,” आप्पा म्हणाले.

“मग डीपी पाडतो. आख्ख्या वाडीची लाईनच बंद.”

“डीपीला हात लावायचा न्हाय,” आप्पा खुर्चीत ताठ झाले. “जन्मभर शिकवलं ते इसरलासा? कुणाच्या घरात आजारी असंल, कुणाची परीक्षा असंल. ज्येला जमंल त्येनं आपल्या घरचं बटन बंद करावं. रस्त्याच्या दिव्याची खटकी शाळंच्या पोलला हाय, मीच बसवलीया.”

फोन सुरू झाले. “अगं, बंद कर म्हणतोय न्हवं. व्हय, टीव्ही पण. आप्पा वायरमन आल्यात.” आणि बघता बघता खाली एकेक खिडकी विझत गेली. रस्त्याचे दिवे गेले. देवळाचा फोकस गेला. ज्या वाडीत आप्पांनी एकेक करून दिवा लावला, त्या वाडीनं त्यांच्यासाठी एकेक करून विझवला. कुठल्याच घरात कुणी का म्हणून विचारलं नाही.

मेघानं फडकं परत बांधलं. चाळीस माणसं दगडावर बसली, गप्प. तुम्ही मला ओळखता. मला गप्प बसणं म्हणजे श्वास धरणं. मालकांनी न बोलता माझ्या हातात शेंगदाण्याचा पुडा दिला.

वीस मिनिटं झाली असतील, आणि माझा फोन वाजला. पडद्यावर भलामोठा उजेड आणि सुमनचं नाव. बंद करायचं बटन घाबरून सापडेना. शेवटी मी फोनवर बसले. खालनं बारीक आवाजात आरती चालूच. अंधारात कुणीतरी हसलं, मग दुसरं, मग सगळेच पदर तोंडात घालून बसले. फडक्याखालनं आप्पा म्हणाले, “शालन असणार.”

नऊला वीस कमी असताना मेघानं गाठ सोडली.

आप्पांनी मान वर केली. सुनीलनं मागनं खुर्चीची पाठ धरून विचारलं,

“काय दिसतंय का, आप्पा?”

“थांब.” मग बोट वर गेलं. “ते तीन. एका ओळीत. तिकांडं न्हवं ते, मृगाचं?”

“व्हय आप्पा,” मेघा म्हणाली.

“तीन पोल. बघ कसं सरळ उभं केल्यात. ज्येनं केलं त्येची लाईन चुकली न्हाय.” मग बोट जरा सरकलं. “हिथं एक लाल हाय. आणि हिकडं बारीक बारीक कायतरी सांडल्यागत… मोजायचं न्हाय आता. बघू दे नुसतं.”

तेव्हा मी वर बघितलं. माझ्याच माहेरचं आभाळ, आणि लग्नानंतर मी एकदाही मान वर केली नव्हती. सगळं आयुष्य लोकांच्या गच्चीत बघण्यात गेलं. वर इतकं होतं, की मला बघून झालं तरी उरत होतं. मेघाचा हात माझ्या हातात कधी आला कळलं नाही. म्हटलं, “रागवलीस?” ती म्हणाली, “काकू, वाडीचे दिवे बंद करा म्हटलं असतं, तर आमचं कुणी ऐकलं असतं?” पोर मोठ्या मनाची. दुसरी कुणी असती तर मला त्या सड्यावर सोडून आली असती.

चंद्र आला. मग वाडीनं आप्पांना सोडलंच नाही. एक म्हणे माझ्याकडं जेवायला, दुसरा म्हणे माझ्याकडं मुक्काम. शेवटी आप्पा दादाच्या ओसरीवर बसले आणि सुनीलला म्हणाले, “तुम्ही जावा. मी आठ दिवस ऱ्हातो हिथं. रोज बघतो.” दादानं गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात घेतला.

रविवारी दोन्ही गाड्या एकदमच गल्लीत शिरल्या. सुमन फाटकात उभी. तिच्यामागं निम्मी गल्ली. सुनील उतरला, मेघा उतरली, रिकामी आरामखुर्ची उतरली.

“आप्पा कुठं हैत?” सुमननं मलाच विचारलं.

“न्हाय आले.”

“म्हणजे सोडून आले?”

“सोडून न्हाय गं. राह्यलेत. माझ्या भावाकडं.”

“तुझ्या भावाकडं?” सुमननं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “म्हणून तू काल घाईघाईनं व्हॅन काढून गेलतीस व्हय?”

मी चांदण्यांपासून सुरुवात केली. फडकं सांगितलं, ट्रॅक्टर सांगितले, तिकांडं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं आख्खी बातमी होती, डोळ्यांनी बघितलेली. सुमन मान डोलवत राहिली.

“असंल, असंल,” म्हणाली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. खिडकी मात्र ऐकायला उघडी ठेवली. मी आप्पांना फोन करणार, हे तिनं ओळखलं होतं. तिच्या जागी मी तरी दुसरं काय केलं असतं?