तिसरा तुकडा

आमच्या वॉर्डातल्या ड्रेसरना सगळे पट्टीमामा म्हणायचे. राग कायम नाकावर, तोंड फटकळ, पण जखमेला हात असा लावायचे की पेशंट ओरडायचं विसरायचा. मला म्हणायचे, सिस्टर, तुम्ही घाईची लेक आहात. झोंबायचं, कारण खरंच होतं ते.

सात नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता. साखरेचा आजार, टाचेत पू. महिनाभर मलम लावून जखम भरेना. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आता भरली तर ठीक, नाहीतर पाय गुडघ्याखालून जाईल. याचं शिलाई मशीन पायाचं! मग मामांनी जखमेत स्पंजाचे तुकडे बसवले, वरून पारदर्शक पट्टी चिकटवली आणि नळीला पू ओढणारं यंत्र जोडलं. आत किती तुकडे, तो आकडा ते पट्टीवरच पेनानं लिहीत. फाइलमध्ये लिहायचा नियम होता, पण वीस जखमांपुढे फाइल कोण उघडतो?

एका दुपारी पट्टीची कड सुटली, यंत्र कोकलायला लागलं. मामा जेवायला गेले होते. मी जुनी पट्टी ओढून कचऱ्यात टाकली, नवी लावली. आकडाही कचऱ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना मामांनी विचारलं, आत किती होते? मला आठवत नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली.

"दोन," मी म्हणाले.

मामांनी दोन काढले, आत बोट फिरवलं, नवे भरले. आठवड्यात शिंप्याला ताप चढला, जखमेच्या वासानं खाटेजवळ उभं राहवेना. ऑपरेशनमध्ये मांसात रुतलेला तिसरा तुकडा निघाला. पाय गेला.

चौकशीत मामा म्हणाले, मोजण्यात मी चुकलो. मी शेजारीच मूग गिळून उभी. त्यांना ड्रेसिंगवरून काढून भांडारात बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तेच झालं. मी रडत भांडारात गेले, तर म्हणाले, "बोट माझं होतं. त्याला कळायला हवं होतं." आणि खोकी लावत राहिले.

घरी जायच्या दिवशी शिंप्यानं कुबड्या बायकोकडे दिल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"तुम्ही होतात म्हणून जगलो, सिस्टर. त्या म्हाताऱ्यानं मारलंच असतं मला."

मी म्हणाले, जपून जा.