चार सऱ्यांचे अंतर

पुण्याहून निघाले त्या सकाळी आमच्या सोसायटीचे रखवालदार खिडकीखाली बदामाची वाळलेली पाने जाळत होते. दरवर्षी माघात ती जळतात आणि दरवर्षी मी खिडकी लावून घेते. दोनदा सूचनाफलकावर निनावी चिठ्ठीही लावली होती. त्या दिवशी पुन्हा खिडकी लावली आणि स्वारगेटला जाऊन बारामतीची गाडी धरली.

मोरगाव मागे पडेपर्यंत माळ फिकट आणि खडकाळ होता. मग कालवा आला आणि रंग एकाएकी पालटला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, त्याचे पांढुरके तुरे उन्हात हलके डुलणारे. बारामतीत गाडी बदलून भवानीनगरला उतरले तेव्हा कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास हवेत इतका दाट होता की तो जिभेवर जाणवावा.

मैत्रिणीची थोरली बहीण सुमनताई न्यायला आली होती; एक दिवस शेत पाहायला या, असे तिनेच कळवले होते. तिची वस्ती तेथून दोन कोस, उसाच्या ऐन मध्यात. जेवणात ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती. पाल्याची आंबट तुरट चव घशात बराच वेळ रेंगाळली. ताट धुवायला बसले आणि पिशवीतून आणलेल्या साबणाची पुडी फोडली, तशी तिने माझा हात धरला.

"ते पाणी केळी पितात," ती म्हणाली. "राख घ्या."

मोरीचे पाणी एका चरातून केळीच्या बुंध्यांपर्यंत जात होते. मी राख घेतली. ताट साबणाने निघाले असते त्याहून स्वच्छ निघाले.

दुपारी ती मला शेतावर घेऊन गेली, पण तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ऊस तोडून नेल्यावर मागे पाचट (उसाची वाळलेली पाने) उरते. गावात बहुतेक जण ते पेटवून देतात. सुमनताईने मात्र ते सऱ्यांमध्ये दाबून कुजत ठेवले होते आणि त्याखालून ठिबकच्या काळ्या नळ्या गेल्या होत्या. वरून शेत मळकट सोनेरी दिसे. बुडख्यांमधून खोडव्याचे (जुन्या बुडख्यांतून फुटणारे पीक) पोपटी कोंब वर आलेले. बांधाच्या पश्चिमेला तिच्या चुलत सासऱ्यांचे, तात्यांचे रान. त्यांचा ऊस कालच तुटला होता आणि आज ते पाचट पेटवणार होते. मागच्या वर्षी त्यांचा जाळ बांध ओलांडून आला, तेव्हा तिचे अर्धे पाचट आणि सगळ्या नळ्या गेल्या होत्या.

तात्या बांधावर तंबाखू मळत बसले होते. त्या घरात सून थोरल्यांशी थेट बोलत नाही. पाहुणी म्हणून मी मध्ये उभी होते, एवढे तिला पुरेसे होते. ती माझ्याकडे पाहून बोलू लागली.

"ताई, तात्यांना म्हणावं, वारं आमच्या अंगावर येतंय. तुमच्या कडेच्या चार सऱ्यांतलं पाचट मी उचलून नेते, मग पेटवा."

तात्या आठ पावलांवर होते. "पावणीबाई, तिला सांगा, मला ऐकू येतं. आन् म्हणावं, पाचट ठेवलं की उंदरं होत्यात, खोडवा धड फुटत न्हाय."

"म्हणावं, आमचा फुटलाय. बघा की."

"म्हणावं, चष्मा घरी हाय."

मी एक शब्दही पोचवला नाही. सगळे शब्द माझ्या डोक्यावरून आपोआप जात होते. अखेरीस तात्या म्हणाले, "ने म्हणावं. पर माझ्या हाताची मदत मिळायची न्हाय."

उन्हे कलेपर्यंत आम्ही दोघींनी चार सऱ्या मोकळ्या केल्या. उसाच्या पानांना बारीक कूस असते. मनगटे लाल झाली, मान खाजू लागली. पाचट मात्र सुगंधी होते, जुन्या चटईसारखे. वारा पडल्यावर तात्यांनी त्यांच्या रानाच्या मधून जाणाऱ्या पाटाच्या अलीकडचा तुकडा पेटवला. जाळ आधी पुटपुटला, मग कडाडला. काजळीचे लांब धागे आभाळात चढले आणि बगळे दूर सरकले. मोकळ्या सऱ्यांपाशी येऊन जाळ बसू लागला. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक उठली आणि एक जळते पान चारही सऱ्या ओलांडून सुमनताईच्या रानात उतरले.

"तात्या, डावीकडं! तुमच्या मागं!"

ती थेट बोलली होती. तात्या थेट धावले. ओल्या गोणपाटाने त्यांनी ते दोनदा, तीनदा झोडपले. घोंगडीएवढा तुकडा काळा झाला आणि एका नळीचे हातभर टोक आक्रसून गेले, तेवढ्यावर भागले. कुठे धग राहिली का ते पाहण्यासाठी त्यांनी कडेच्या न जळलेल्या पाचटाखाली हात घातला आणि तो बराच वेळ तेथेच ठेवला. बाहेर काढला तेव्हा तळव्याला ओली काळी माती चिकटली होती.

"पाणी कवा दिलंतं?"

"पंधरा दिस झालं."

त्यांनी माती बोटांनी चुरली. मग भानावर येऊन माझ्याकडे वळले. "पावणीबाई, तिला सांगा, आवाज लई मोठा हाय."

"तात्यांना म्हणावं, लागला म्हणून काढला."

पाटापलीकडचा तुकडा त्या संध्याकाळी पेटला नाही. काडेपेटी त्यांनी खिशात घातली, ती पुन्हा बाहेर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी थांब्यावर उभी असताना तात्या आले. या खेपेस चष्मा डोळ्यांवर होता. "तिला सांगा, पाटापलीकडचं तसंच ठिवलंय. बघायला. कायमचं न्हाय."

"तुम्हीच सांगा की."

"काल एकदा बोललोय," ते म्हणाले. "तेवढं पुरं."

घरी येऊन साडी झटकली तेव्हा निऱ्यांतून काजळीचे दोन धागे पडले. परक्या बांधावर दुसऱ्यांचे बोलणे ऐकत उभे राहिले, तेव्हा फलकावरच्या त्या दोन निनावी चिठ्ठ्या मला आठवल्या होत्या.

सकाळी खिडकीखाली खराट्याचा आवाज आला. हात कडीकडे गेला. तो मागे घेऊन मी जिना उतरले. रखवालदारांच्या हाती काडी होती, अजून न ओढलेली.

"काका, ही पानं जाळू नका. झाडांच्या बुडाशी पसरायला मला हवी आहेत."

"एवढी? नेणार कशात?"

मी काखेतले गोणपाट उलगडले.